अनामिकांची ओंजळ

भाद्रपद वद्य अमावास्या ही सर्वपित्री. कृष्णा-तारळीच्या संगमावर वसलेल्या आमच्या उंब्रजसारख्या गावी या तिथीचे महत्त्व काय सांगावे! परंतु पितृऋणाची जाणीव हे केवळ आपलेच धन, असे कोणी मानू नये.

आफ्रिका खंडातील अनेक समाजांत पूर्वज हे कुटुंबाचेच घटक मानले जातात. केनियाचे विद्वान जॉन म्बिटी यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हे विशद केले आहे. मृताला नावानिशी स्मरणारा कोणी हयात आहे, तोवर तो घरातलाच, अशी ती श्रद्धा.

मग ज्यांची नावेच हिरावली गेली, त्यांचे काय? पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांपैकी कित्येक सह्याद्रीच्या रानात पळाले. त्यांचे वंशज सिद्दी आज उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागांत राहतात; कोकणी बोलतात. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. हिंदू सिद्दी ‘हिरियारू’ म्हणजे पूर्वजांची पूजा करतात. दमाम ढोलाचा ताल मात्र साऱ्यांचा. गुजरातेतील सिद्दींच्या नृत्याचे नाव ‘गोमा’. स्वाहिली भाषेत ‘ङोमा’ म्हणजे ढोल आणि नृत्यही. पूर्वजांची नावे लोपली, गावे विस्मरणात गेली. हा शब्द तेवढा समुद्र ओलांडून तरला.

वाचकहो, ज्यांना पाणी देणारा कोणीच उरला नाही, त्यांच्यासाठीही आपल्या तर्पणविधीत एक ओंजळ सांगितली आहे. तिला कुळ नाही, गोत्र नाही. ती सोडताना या अनामिकांचेही स्मरण व्हावे.