अंगावरचे दूध आणि वर्णभेदाचा वारसा

ऑगस्ट महिन्याचा पहिला आठवडा जगभर स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो. अमेरिकेत तर तो सबंध महिनाच या कार्याला वाहिलेला आहे. असे असताना २०१३ साली किंबर्ली सील्स ॲलर्स, किडाडा ग्रीन आणि अनाया सँगोडेले-अयोका या तीन स्त्रियांनी त्याच महिन्याच्या अखेरीस ‘कृष्णवर्णीय स्तनपान सप्ताह’ सुरू केला, तेव्हा तो अनेकांना खटकला. आईचे दूध का कोठे गोरे-काळे असते? मातृत्वासारख्या निसर्गदत्त गोष्टीतही वर्णाचा वाद आणणे म्हणजे दुहीला खतपाणी घालणे नव्हे काय? हा आक्षेप प्रथमदर्शनी बिनतोड वाटतो. परंतु त्या देशातील परिस्थिती बारकाईने पाहिली, तर दुधाला वर्ण नसला तरी ते बाळाच्या ओठांपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर वर्णाचे अडथळे पावलोपावली उभे आहेत, असे दिसून येते.

अमेरिकेच्या मध्यवर्ती रोगनियंत्रण संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेले आकडे बोलके आहेत. २०१५ साली जन्मलेल्या गौरवर्णीय अर्भकांपैकी सुमारे ८६ टक्के अर्भकांना निदान काही काळ तरी आईचे दूध मिळाले. कृष्णवर्णीय अर्भकांत हे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत ते अनुक्रमे ६२ आणि ४५ टक्क्यांवर आले. या आकड्यांशेजारी दुसरे आकडे ठेवून पाहावे लागतात. २०२२ साली अमेरिकेत दर हजार जिवंत जन्मांमागे गौरवर्णीयांची साडेचार, तर कृष्णवर्णीयांची जवळजवळ अकरा बालके पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वीच दगावली. या मृत्यूंची कारणे अनेक आहेत. केवळ स्तनपानाने ही दरी बुजेल, असे कोणीही जाणता माणूस म्हणणार नाही. पण कृष्णवर्णीयांत अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांचे प्रमाण गौरवर्णीयांच्या सुमारे दीडपट आहे. अशा अशक्त बालकांना आतड्याच्या ज्या जीवघेण्या विकाराची भीती असते, त्यापासून आईचे दूध मोठे संरक्षण देते. म्हणजे ज्यांना या दुधाची निकड सर्वांत अधिक, त्यांच्याच वाट्याला ते सर्वांत कमी येते.

याचे स्पष्टीकरण म्हणून सामान्यतः दोन कारणे सांगितली जातात. पहिले अज्ञानाचे, दुसरे दारिद्र्याचे. दारिद्र्याचा वाटा नाकारता येत नाही. तथापि लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांतही दारिद्र्य पुष्कळ आहे, आणि तरीही त्या मातांत स्तनपानाचे प्रमाण कृष्णवर्णीय मातांपेक्षा बरेच अधिक आढळते. अज्ञानाचे कारण तर त्याहून लंगडे आहे. आईचे दूध चांगले असते, हे कळण्यासाठी कोणत्याही आईला भित्तिपत्रकाची गरज नसते. मग हा फरक आला कोठून?

मळ्यावरचा इतिहास

उत्तराचा एक धागा गुलामगिरीच्या काळात जातो. दक्षिणेकडील मळ्यांवर गुलाम स्त्रियांना मालकाच्या मुलांना अंगावर पाजावे लागे. स्वतःचे तान्हे मूल कोणा म्हातारीच्या हवाली करून ओल्या बाळंतिणीने शेतात राबायचे किंवा मालकिणीच्या पाळण्याशी बसायचे, असा तो क्रम होता. पोटच्या पोराला उरलेसुरले मिळे, कधी तेही मिळत नसे. देह मालकाचा, श्रम मालकाचे, तसे दूधही मालकाचेच ठरले. १८६५ साली घटनादुरुस्तीने ही प्रथा संपली. निग्रो दास्यमुक्तीच्या या कार्याबद्दल कृतज्ञता म्हणून महात्मा फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, हे मराठी वाचकाला ठाऊकच आहे. पण कायद्याने बेड्या तुटल्या तरी दुसऱ्याच्या मुलाला पाजण्याच्या सक्तीची आठवण पिढ्यांमागून पिढ्या झिरपत राहिली. अंगावर पाजणे म्हणजे दास्याची खूण, अशी भावना काही घरांत रुजली, असे अनेक अभ्यासक मानतात.

या भावनेचा लाभ पुढे बाजाराने कसा उठविला, त्याचे एक विदारक उदाहरण विधिज्ञ अँड्रिया फ्रीमन यांनी ‘स्किम्ड’ या ग्रंथात मांडले आहे. १९४६ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यातील रीड्सव्हिल येथे फुल्ट्झ नावाच्या गरीब कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबात एकाच वेळी चार मुली जन्मल्या. आई मूकबधिर होती. मुलींची नावेसुद्धा आईबापांनी ठेवली नाहीत. गौरवर्णीय डॉक्टरांनी आपल्या नात्यातील स्त्रियांची नावे त्यांना दिली आणि दुधाच्या कंपन्यांशी बोलणी सुरू केली. अखेर ‘पेट मिल्क’ या कंपनीने त्यांच्या पालनपोषणाचा भार उचलला आणि त्या बदल्यात चौघींची छबी जाहिरातींत वापरली. कृष्णवर्णीय मातांना डब्यातले दूध विकण्यासाठी या चार गोजिरवाण्या मुलींचे चेहरे वर्षानुवर्षे कामी आले. वरचे दूध हे प्रतिष्ठेचे, आधुनिकतेचे आणि स्वातंत्र्याचे लक्षण आहे, हा त्या जाहिरातींचा मथितार्थ होता. ज्या समाजाला यांपैकी काहीच सहजासहजी मिळत नव्हते, त्याच्यावर त्याचा परिणाम झाला, यात नवल नाही.

प्रसूतिगृहापासून कचेरीपर्यंत

परंतु सारा दोष इतिहासावर ढकलून वर्तमानाला मोकळे सोडता येत नाही. बाळ जन्मल्यावर पहिल्या तासाभरात त्याला आईजवळ घ्यावे, मायलेकरांना एकाच खोलीत ठेवावे, आणि वैद्यकीय कारण नसेल तर वरचे दूध देऊ नये, हे प्रसूतिगृहांचे सर्वमान्य नियम आहेत. रोगनियंत्रण संस्थेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे दिसले की, ज्या वस्त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीहून अधिक, तेथील रुग्णालयांत हे तीनही नियम इतर भागांच्या तुलनेने कमी पाळले जातात. मायलेकरांना एकत्र ठेवण्याची पद्धत इतर भागांत सुमारे ३९ टक्के रुग्णालयांत होती, तर या वस्त्यांत सुमारे २८ टक्के. वरचे दूध आवरते घेणाऱ्या रुग्णालयांचे प्रमाण तर तेथे निम्म्याच्या आसपास भरले. याचा अर्थ, आईने काही ठरविण्यापूर्वीच बाळाच्या तोंडात बाटली गेलेली असते.

रुग्णालयातून घरी आल्यावर नोकरीचा प्रश्न उभा राहतो. जगातील या सर्वांत धनाढ्य राष्ट्रात बाळंतपणाची सपगारी रजा देणारा सर्वांना लागू असा राष्ट्रीय कायदा नाही. १९९३ च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा मिळते, पण ती बिनपगारी. शिवाय पन्नासांहून कमी माणसे असलेल्या खाजगी आस्थापनांतील कामगार तिच्या कक्षेबाहेर राहतात. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी स्वतःच्या सपगारी योजना आखल्या आहेत, हे खरे. पण अनेक राज्यांनी तेवढेही केलेले नाही. घरभाडे थकण्याच्या भीतीने तीन-चार आठवड्यांतच कामावर परतणाऱ्या स्त्रीला ‘सहा महिने केवळ अंगावर पाजा’ असे सांगणे ही क्रूर थट्टा होय. आपल्याकडे २०१७ सालच्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील नोकरदार स्त्रीची सपगारी रजा २६ आठवड्यांवर नेली, ही समाधानाची गोष्ट खरी. पण उन्हातान्हात राबणाऱ्या असंख्य मजूर स्त्रियांना तिचा स्पर्शही झालेला नाही, हे विसरून आपणही फार पाठ थोपटून घेऊ नये.

बाजाराची कथा याहून निराळी नाही. १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेत वरच्या दुधाच्या विक्रीवर नियंत्रण घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता ११८ विरुद्ध एक मताने संमत झाली. ते एकमेव विरोधी मत अमेरिकेचे होते. भारताने त्या संहितेला अनुसरून १९९२ साली कायदा केला. अमेरिकेने असा कायदा आजवर केलेला नाही. उलट गरीब माता आणि अर्भके यांच्यासाठी १९७० च्या दशकात सुरू झालेली सरकारी पोषण योजनाच वरच्या दुधाची सर्वांत मोठी ग्राहक होऊन बसली. देशात खपणाऱ्या अशा दुधाचा सुमारे अर्धा भाग तिच्याद्वारे वाटला जातो. प्रत्येक राज्य एकेका कंपनीशी करार करते. २०२२ च्या फेब्रुवारीत मिशिगन राज्यातील ॲबट कंपनीचा एक कारखाना दूषिततेच्या संशयावरून बंद पडला, तेव्हा या व्यवस्थेचे धोके चव्हाट्यावर आले. दुकाने रिकामी पडली आणि ज्यांच्यापाशी दुसरा पर्याय नव्हता, त्या गरीब आया गावोगाव डबे शोधीत फिरल्या.

कायदा बदलतो, पण कोणासाठी?

धोरणे बदलूच शकत नाहीत, असे मात्र नाही. याच पोषण योजनेने २००९ साली आपल्या शिध्याची फेरआखणी केली आणि अंगावर पाजणाऱ्या मातेला अधिक सकस व अधिक काळ आहार देऊ केला. २०१० च्या आरोग्य कायद्याने नोकरीच्या ठिकाणी दूध काढून ठेवण्यासाठी वेळ आणि आडोशाची जागा देणे मालकांवर बंधनकारक केले. ठरावीक वेळाने दूध काढले नाही, तर ते हळूहळू आटते, हे लक्षात घेतले म्हणजे या साध्या तरतुदीचे मोल कळते. परंतु त्या कायद्यातून शिक्षिका, परिचारिका आणि मासिक पगारावरील अनेक कर्मचारी स्त्रिया वगळल्या गेल्या होत्या. ती उणीव २०२२ च्या डिसेंबरातील कायद्याने बहुतांशी भरून काढली आणि सुमारे ९० लाख स्त्रिया संरक्षणाखाली आल्या. एक पाऊल पुढे पडण्यास बारा वर्षे लागली, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

हेतू चांगला असूनही कायदा कसा उलटू शकतो, याचा धडा जॉर्जिया राज्याने दिला. तेथे २०१६ साली असा कायदा झाला की, एका विशिष्ट आंतरराष्ट्रीय मंडळाचे प्रमाणपत्र असणाऱ्यांनाच परवाना मिळेल, आणि तो असेल तरच मोबदला घेऊन स्तनपानाविषयी मार्गदर्शन करता येईल. गुणवत्तेचा आग्रह गैर नाही. पण ते प्रमाणपत्र मिळविण्यास लागणारा पैसा, महाविद्यालयीन अभ्यासक्रम आणि रुग्णालयातील शेकडो तासांचा अनुभव अनेक अनुभवी कृष्णवर्णीय मार्गदर्शक स्त्रियांच्या आवाक्याबाहेरचा होता. वस्तीत ज्यांच्यावर बायकांचा विश्वास, त्यांनाच बेकायदा ठरविण्याची ही तयारी होती. फुकट सल्ला देण्यास मात्र मनाई नव्हती! म्हणजे ज्ञान चालते, त्याचे वेतन चालत नाही. मेरी जॅक्सन नावाच्या, अटलांटातील रुग्णालयात दीर्घकाळ हेच काम केलेल्या बाई आणि ‘रीचिंग अवर सिस्टर्स एव्हरीव्हेअर’ ही संस्था न्यायालयात गेली. २०२३ च्या मे महिन्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायदा घटनाबाह्य ठरविला.

डेट्रॉइटमधील प्रसंगही असाच बोलका आहे. मेडोलॅक नावाच्या कंपनीने २०१४ साली तेथील कृष्णवर्णीय मातांकडून औंसाला एक डॉलर दराने दूध विकत घेण्याची योजना जाहीर केली. स्त्रियांना उत्पन्न मिळेल आणि स्तनपानही वाढेल, असा तिचा दावा होता. स्थानिक कृष्णवर्णीय मातांच्या संघटनेने जाहीर पत्र काढून विचारले की, जेथे आमच्याच बालकांना आईचे दूध पुरेसे मिळत नाही, तेथून ते विकत नेण्यापूर्वी आमच्याशी कोणी बोलले होते काय? मळ्यांवरच्या इतिहासाची आठवणही त्यांनी करून दिली. २०१५ च्या जानेवारीत कंपनीला ती योजना मागे घ्यावी लागली.

या दोन्ही घटनांचे सार एकच आहे. ज्यांच्यासाठी धोरण आखायचे, त्यांना विचारल्यावाचून ते आखले, तर मदतीचाही जाच होतो. रजा, रुग्णालयातील शिस्त, कामाच्या ठिकाणची जागा आणि वस्तीतल्याच प्रशिक्षित मार्गदर्शक स्त्रीला योग्य वेतन, एवढ्या चार गोष्टी जुळून आल्या, तर उपदेशाची फारशी गरज उरत नाही. आणि ज्या आईला काही कारणाने अंगावर पाजता येत नाही किंवा पाजायचे नाही, तिला अपराधी ठरविण्याचा अधिकार कोणालाच नाही. तिने काय निवडले, हा प्रश्न दुय्यम आहे. तिला खरोखर निवड करता आली काय, हा खरा प्रश्न आहे.

तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरून जाणाऱ्या हिरकणीचे आपण पिढ्यान्‌पिढ्या कौतुक करीत आलो, आणि ते यथार्थच आहे. पण राज्यकारभार हिरकणींच्या धाडसावर विसंबून चालत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय मातांनी शतकानुशतके असे कडे उतरून पाहिले आहेत. त्यांची मागणी गौरवाची नाही. सायंकाळी दरवाजा उघडा असावा, एवढीच आहे. ज्यांच्यासाठी तो पूर्वीपासूनच उघडा होता, त्यांना वेगळा सप्ताह कशाला हवा, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. तो ज्यांच्या तोंडावर बंद झाला, त्यांना तो प्रश्न पडत नाही.