शाळा तर चांगलीच होती

टोपेका शहरातल्या मनरो शाळेच्या दारातून आम्ही आत शिरतो. नात पुढं, मी मागं, माझी मुलगी गाडी लावून येतेय. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या राजधानीतली ही विटांची दुमजली इमारत 1926 सालची. 1975 मध्ये इथले वर्ग बंद झाले. इथं शिकलेल्या लिंडा ब्राउन या काळ्या मुलीमुळं गाजलेल्या खटल्याचं आता हे राष्ट्रीय स्मारक आहे. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून निवृत्त झालेल्या माझ्या डोळ्यांना आधी नेहमीच्याच गोष्टी दिसतात. खोल्या प्रशस्त आहेत, उजेड भरपूर आहे, छत गळल्याची खूण कुठंही नाही.

नातीच्याही ते लक्षात येतं. ती आठ वर्षांची आहे.

"आजी, ही स्कूल तर छान आहे. मग त्या मुलीला इथं का नव्हतं यायचं?"

करडा शर्ट, हिरवी पँट घातलेला स्मारकाचा कर्मचारी जवळच उभा आहे. ती त्याला तोच प्रश्न इंग्रजीत विचारते. तो तिच्यासमोर उकिडवा बसतो आणि म्हणतो, कोर्टातही हेच विचारलं गेलं होतं.

मग तो सांगत जातो. 1951 साली टोपेकात गोऱ्या मुलांसाठी 18 प्राथमिक शाळा होत्या आणि काळ्या मुलांसाठी 4. लिंडा ब्राउनच्या घरापासून गोऱ्यांची समनर शाळा चालत जाण्याजोगी होती. वडील तिला तिथं घेऊन गेले, पण प्रवेश मिळाला नाही. मनरोला यायचं तर सकाळी लवकर निघून, रेल्वेच्या यार्डातून रूळ ओलांडून बस पकडायची. वडील ऑलिव्हर ब्राउन रेल्वेच्या कारखान्यात वेल्डर होते. त्यांच्यासह 13 पालकांनी शिक्षण मंडळावर दावा लावला. खालच्या कोर्टानं तपासून पाहिलं, तर इमारती, अभ्यासक्रम, शिक्षकांची पात्रता यांत दोन्हीकडं फारसा फरक नव्हता. म्हणजे शाळा खरंच चांगली होती. 1954 च्या 17 मे रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की मुलांना वेगळं काढणं हाच अन्याय आहे, मग इमारत कितीही चांगली असो.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर साताऱ्याच्या शाळेतला लहानगा भीमराव आंबेडकर येतो. शाळा तीच, मास्तर तेच, पण बसायला घरून आणलेलं तरट आणि तेही वेगळं. मी नातीला ते मराठीत सांगते. "त्याला तहान लागली तर?" ती विचारते. शिपायानं वरून ओतलं तरच पाणी, मी सांगते. शिपाई नसला तर तहानलेलंच राहायचं. ती काही बोलत नाही.

पुढची खोली अरुंद आहे. दोन्ही बाजूंच्या पडद्यांवर ओरडणारे गोरे चेहरे. शाळेत निघालेल्या मुलांवर तुटून पडलेले आईबाप, त्यांच्या हातातले फलक. आपण मधून चालायचं. आवाज अंगावर येतो. नात माझा हात घट्ट धरते आणि शेवटच्या टोकापर्यंत मान वर करत नाही. माझंही पाऊल भराभर पडतं. पण ती मुलं रोज चालली, आणि ते पडदे नव्हते.

एका काचेमागे बाहुली आहे. तिच्यासमोर मी बराच वेळ थांबते. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ पतीपत्नींनी लहान काळ्या मुलांपुढं बाहुल्या ठेवल्या होत्या. साचा एकच, फरक फक्त रंगाचा. छान बाहुली कुठली? वाईट दिसणारी कुठली? बहुतेक मुलांनी गोरीला छान म्हटलं. शेवटचा प्रश्न असायचा, तुझ्यासारखी कुठली? तेव्हा काही मुलं रडली, काही उठून निघून गेली. शिक्षिका म्हणून मला ही मुलं माहीत आहेत. उत्तर येत असतं आणि तरी ते देववत नाही, तेव्हा मूल असंच उठून जातं.

मुलगी येते आणि मला एका तक्त्यापाशी नेते. "आई, हे वाच." निकालाच्या आधीच, मार्च 1953 मध्ये, टोपेकाच्या शिक्षणप्रमुखांनी एका कृष्णवर्णीय शिक्षिकेला पत्र लिहिलं होतं. शाळा एकत्र झाल्या तर गोऱ्या मुलांना काळी शिक्षिका बहुतेक लोकांना चालणार नाही, म्हणून पुढच्या वर्षी तुमची नेमणूक होणार नाही. दक्षिणेकडं पुढं हेच मोठ्या प्रमाणावर झालं. 1954 नंतरच्या दहा-अकरा वर्षांत सुमारे 38,000 कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्याचा अंदाज आहे. मुलांना बाक मिळाला आणि त्यांच्या घरची भाषा, त्यांची गाणी, त्यांचे आईबाप ओळखणारे मास्तर गेले. या निकालाविषयी मी आजवर जे वाचलं त्यात ही बाजू मला कधी भेटली नव्हती. माझ्या मते ती निकालाइतकीच महत्त्वाची आहे.

"आणि आता?" मी मुलीला विचारते. ती नातीच्या शाळेच्या पालक समितीत आहे.

ती पटकन उत्तर देत नाही. मग सांगू लागते. 1979 साली लिंडा ब्राउन स्वतः आई झाल्यावर पुन्हा कोर्टात गेली, कारण टोपेकातल्या शाळांची विभागणी पुरती मोडली नव्हती. तो खटला 1999 पर्यंत चालला. आणि 1974 मध्ये डेट्रॉइटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं शहर आणि उपनगरांची मुलं एकत्र करण्याचा आदेश 5 विरुद्ध 4 मतांनी रद्द केला होता. शाळेच्या पैशाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो. ज्या भागात घरं महाग, तिथं शाळा श्रीमंत.

"आम्हीसुद्धा घर घेताना आधी शाळेचं रेटिंगच बघितलं, आई," ती म्हणते. "आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या सगळ्यांनीच. हिच्या वर्गात काळी मुलं दोनच आहेत."

मी तिला दोष देत नाही. पण ती हे बोलली याचं मला बरं वाटतं.

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसतो. नात बाटली उघडते आणि मला विचारते, "आजी, पाणी?"

या एका शब्दावर मी मेळघाटात जाते. नोकरीचं तिसरं वर्ष, पहिलीचा वर्ग. एक कोरकू मुलगा माठाकडं बोट दाखवून म्हणतो, "डा." मी म्हणते, डा नाही, पाणी म्हण. सगळा वर्ग माझ्यामागून "पाणी, पाणी" म्हणतो आणि हसतो. कोरकू ही मराठी-हिंदीच्या कुळातली भाषाच नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तो मुलगा त्यानंतर वर्गात पाणी मागत नसे. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही आणि मी त्याच्या घरी गेले नाही. पटावर मी त्याच्या नावापुढं गैरहजेरी मांडत राहिले.

नातीला मी हे सगळं सांगते. ती ऐकून घेते. "मग तू त्याला सॉरी म्हणालीस?"

"नाही," मी सांगते.

जूनमध्ये शाळा उघडतील. मेळघाटात, धडगावात, भामरागडात जे कुणी यंदा पहिलीचा वर्ग घेणार असतील, त्यांना माझं एवढंच मागणं आहे. पहिल्या दिवशी मुलांना विचारा, तुमच्या घरी पाण्याला काय म्हणतात. ती जे सांगतील ते फळ्यावर लिहा, आणि दिवसभर पुसू नका.