रुग्णाचे म्हणणे हाही पुरावा

आष्ट्याच्या माणसाला गुडघ्याच्या दुखण्यावर इलाज करून घ्यायला फार लांब जावे लागत नाही. एका बाजूला सांगली-मिरज, दुसऱ्या बाजूला इस्लामपूर, त्यापुढे कराड. मिरजेला तर 1894 मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी सुरू केलेल्या रुग्णालयापासूनची परंपरा आहे. खुद्द आष्ट्यात आयुर्वेद महाविद्यालय आहे. सोयी आहेत, डॉक्टर आहेत, सरकारी योजनांमुळे अनेकांच्या खर्चाचीही तरतूद होते. तरी या साऱ्या व्यवस्थेत एक जागा रिकामी राहते. एक्स-रे फाइलला लागतो, रक्ताचे आकडे लिहिले जातात, मुक्कामाचे दिवस आणि बिल यांची नोंद होते. मात्र रुग्णाला आता एसटीची पायरी चढता येते का, जमिनीवरून आधाराशिवाय उठता येते का, रात्री सलग झोप लागते का, हे तोंडी विचारले जाते आणि तिथेच विरून जाते. ज्या कारणासाठी माणूस दवाखान्यात आला, नेमके तेच कागदावर येत नाही. रुग्णाचे म्हणणे हा वैद्यकीय पुरावाच आहे. मात्र पुरावा म्हणून तो टिकायचा असेल तर तो शिस्तीने मोजला पाहिजे, आणि ती शिस्त आपल्या भाषेत, आपल्या राहणीवर तपासून घेतलेली हवी.

एक्स-रे असताना रुग्णाला वेगळे कशाला विचारायचे, असे कोणी म्हणेल. याचे कारण संधिवाताच्या अभ्यासकांना चांगले ठाऊक आहे. एक्स-रेमध्ये दिसणारी झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचा मेळ नेहमी बसत नाही. झीज बरीच असूनही काही जण शेतात राबतात, तर किरकोळ झीज असलेले काही जण घराबाहेर पडू शकत नाहीत. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये हाती घेतलेल्या पाहणीची सुरुवात यंत्राने झाली नाही. घरोघरी जाऊन, कुठे दुखते का, हे विचारण्यापासून ती झाली. 4092 प्रौढांपैकी 746 जणांना, म्हणजे सुमारे 18 टक्के लोकांना, सांधे-स्नायूंचा त्रास असल्याचे तिच्यात आढळले. दवाखान्याच्या नोंदींवर विसंबून राहिले असते तर हे चित्र कधीच दिसले नसते, कारण दुखणे अंगावर काढणारा माणूस त्या नोंदींमध्ये येतच नाही.

विचारायचे तर काय विचारायचे, हा पुढचा प्रश्न. गुडघ्याच्या झिजेसाठी जगभर वापरली जाणारी ‘वोमॅक’ ही प्रश्नावली 1980 च्या दशकात कॅनडात तयार झाली. तिचे 24 प्रश्न वेदना, ताठरपणा आणि रोजच्या हालचाली यांविषयी आहेत. त्यांत स्नानाच्या टबात उतरणे, पायमोजे चढवणे, मोटारीत बसणे अशा क्रियाही येतात. आष्ट्याच्या परिसरात खुरपणीला बसणाऱ्या बाईच्या गुडघ्याची कसोटी या प्रश्नांनी कशी लागणार? तिची अडचण उकिडवे बसण्यात, मांडी घालण्यात आणि देशी शौचालयात आहे. पुण्याच्या सेंटर फॉर र्‍हुमॅटिक डिसीजेसने ही प्रश्नावली आपल्याकडच्या राहणीनुसार बदलली आणि बदललेली प्रश्नावली पुन्हा तपासून घेतली. तिथल्याच संशोधकांनी गुडघ्याच्या झिजेवरील एका आयुर्वेदिक औषधाची 32 आठवड्यांची चाचणी घेतली, ती 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. औषधाचा परिणाम ठरवताना त्यांनी वेदनेची मोजपट्टी आणि ही बदललेली प्रश्नावली वापरली, शिवाय तुलनेसाठी एका गटाला औषधविरहित गोळ्या दिल्या. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानेही डोके-मानेच्या कर्करोगासाठीच्या युरोपीय प्रश्नावल्या हिंदी आणि मराठीत आपल्या रुग्णांवर तपासल्या. तो अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडाच्या कर्करोगातून वाचलेल्या माणसाला चारचौघांत जेवताना किती अवघड जाते, हे त्या प्रश्नावल्या विचारतात. कोणतेही स्कॅन हे सांगू शकत नाही.

प्रश्न जुळले म्हणून काम संपत नाही. संख्याशास्त्राची खरी गरज इथून पुढे लागते. ऊस उत्पादकाला काट्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. माल कितीही चांगला असला तरी काटा तपासलेला नसेल तर वजनावर कोणी विश्वास ठेवत नाही. प्रश्नावलीचेही तसेच आहे. प्रकृतीत बदल झालेला नसताना आठवड्याने पुन्हा विचारले तर उत्तर साधारण तेच येते का? काठी घेऊन चालणाऱ्याचे आणि काठीशिवाय चालणाऱ्याचे गुण वेगळे पडतात का? उपचाराने खरोखर बरे वाटले तर गुण हलतात का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पुरेशा रुग्णांवर मोजून मिळवावी लागतात. भाषांतराचीही ठरलेली रीत आहे. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचे, ते जुळवायचे, तिसऱ्याने ते मूळ भाषेत उलटवून पाहायचे आणि शेवटी प्रत्यक्ष रुग्णांना ‘या प्रश्नातून तुम्हाला काय कळले’ असे विचारायचे.

त्यातही माणसाची प्रकृती स्थिर नसते, ही अडचण आहेच. सातारा जिल्ह्यातील बुध येथे 1911 मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी आहाराच्या बाबतीत हाच मुद्दा लावून धरला होता. निरोगी माणसाच्या खाण्यातही दिवसागणिक चढउतार असतो, म्हणून एका सरासरी आकड्याखाली जो आला तो कुपोषित, असे ठरवता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या निष्कर्षांवर मोठा वाद झाला. पण नैसर्गिक चढउतार आणि खरा बदल वेगळे करा, हा त्यातला धडा दुखण्यालाही लागू पडतो. माणूस बहुधा दुखणे शिगेला पोचल्यावर दवाखान्यात येतो. त्यामुळे काहीही केले नाही तरी पुढच्या महिन्यात त्यातल्या काहींना थोडे बरे वाटणारच. तुलनेचा गट नसेल तर या आपोआप आलेल्या आरामाचे श्रेय औषधाला जाते. किती फरकाला फरक म्हणायचे, हेही रुग्णांकडूनच शिकावे लागते. कर्करोगाच्या 30 प्रश्नांच्या युरोपीय प्रश्नावलीत गुण 0 ते 100 असतात. रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या सुधारणेशी ते ताडून पाहिल्यावर 1998 मध्ये संशोधकांनी दाखवले, की 5 ते 10 गुणांचा फरक लहान, 10 ते 20 चा मध्यम आणि 20 च्या वरचा मोठा मानावा. हजारो रुग्ण घेतले तर 2 गुणांचा फरकही गणितात ‘लक्षणीय’ ठरू शकतो, पण रुग्णाला तो जाणवतही नाही.

न आलेल्या उत्तरांचा हिशेब तर याहून महत्त्वाचा. समजा, 100 जणांची शस्त्रक्रिया झाली आणि सहा महिन्यांनी 60 जण तपासणीला आले. त्यातले 54 समाधानी असतील तर 90 टक्के यश मिळाल्याचे जाहीर करता येईल. पण न आलेल्या 40 पैकी निम्मेच समाधानी असतील तर खरे यश 74 टक्क्यांवर येते. शिवाय न येणाऱ्यांत ज्यांना चालवत नाही, ज्यांच्याकडे गाडीभाडे नाही किंवा ज्यांचा विश्वास उडाला आहे, असे लोक जास्त असण्याचा संभव असतो. म्हणून फोनवरून पाठपुरावा कसा करायचा, गैरहजरांचा विचार निष्कर्षात कसा घ्यायचा, हे अभ्यास सुरू होण्याआधीच ठरवावे लागते. गोळा झालेली माहिती घेऊन शेवटी संख्याशास्त्रज्ञाकडे धावण्यात अर्थ नसतो.

यावरचा सर्वांत मोठा आक्षेप असा, की वेदना व्यक्तिगत असते, तिचे आकडे कसले काढायचे? मात्र व्यक्तिगत असणे आणि बेभरवशाचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर सांगितलेल्या तपासण्या भरवसा किती, हेच तर सांगतात. दुसरा आक्षेप आपल्या मुलखाशी अधिक जवळचा आहे. डॉक्टरांनी विचारले की माणूस ‘बरं हाय’ म्हणून मोकळा होतो. डॉक्टरांचा मान राखायचा असतो, मागे रांग असते, बरोबर आलेल्या मुलाला कामावर जायचे असते. हा दोष खरा आहे. म्हणूनच प्रश्न उपचार करणाऱ्याने विचारू नयेत, वाचता न येणाऱ्याला तटस्थ व्यक्तीने ठरलेल्या शब्दांत ते वाचून दाखवावेत, आणि उत्तर मुलाने किंवा सुनेने देऊ नये. तिसरा आक्षेप वेळेचा. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात 30 प्रश्न कोण विचारणार? प्रत्येक ठिकाणी एवढ्या प्रश्नांची गरजही नाही. ‘इक्यू-5डी’ ही प्रश्नावली चालणे, स्वतःची कामे, रोजचे व्यवहार, वेदना आणि मनाची चिंता या पाचच बाबी विचारते. तिच्या उत्तरांना गुण कसे द्यायचे, याचे पाच राज्यांतील लोकांना विचारून केलेले कोष्टक भारतासाठी 2022 मध्ये प्रसिद्धही झाले आहे.

एवढे करून रुग्णाच्या पदरात काय पडते, हेही तपासले गेले आहे. अमेरिकेत 766 कर्करोगग्रस्तांवर झालेल्या एका चाचणीत, नियमितपणे लक्षणे कळवणाऱ्या रुग्णांपैकी निम्मे 31.2 महिन्यांहून अधिक जगले, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांपैकी निम्मे 26 महिन्यांहून अधिक. ते निष्कर्ष 2017 मध्ये आले. नंतरच्या अधिक मोठ्या चाचणीत आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. त्रास मात्र कमी झाला आणि जगणे सुसह्य झाले. म्हणून रुग्णाचे ऐकल्याने आयुष्य वाढतेच, असा दावा करू नये. त्रास कमी होतो, एवढे कारण पुरेसे आहे.

आपल्या भागात हे करायला परदेशी यंत्रे लागत नाहीत. मिरजेत आणि कराडला वैद्यकीय शिक्षण आहे, आष्ट्यात आयुर्वेदाचे, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग आहे. वैद्यकातल्या आणि संख्याशास्त्रातल्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून सुरुवात केली तरी काही वर्षांत या भागातल्या रुग्णांची विश्वासार्ह नोंद उभी राहील. वाचकांनीही आपला वाटा उचलावा. मोठा उपचार ठरवताना खर्चाबरोबर आणखी एक प्रश्न डॉक्टरांना विचारावा: माझ्या त्रासाची लेखी नोंद आज आणि सहा महिन्यांनी, दोन्ही वेळा ठेवणार का? आणि सहा महिन्यांनी फोन आला, तर बरे असो वा नसो, खरे उत्तर द्यावे.