गुडघ्याची गोळी आणि विसरभोळेपणा
जालना जिल्ह्यात अंबड, घनसावंगीकडे कापूस वेचून आणि मोसंबीच्या बागा राखून गुडघे झिजलेली वडीलधारी मंडळी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या सर्रास मेडिकलमधून आणतात. या गोळ्या दाह कमी करतात, आणि अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात मेंदूतही दाह आढळतो. मग त्यांनी स्मृतिभ्रंशही टळेल का?

आशेला आधार होता. २००१ मध्ये रॉटरडॅमच्या पाहणीत या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत अल्झायमर कमी आढळला. पण त्यानंतर अमेरिकेत सत्तरीपुढच्या सुमारे अडीच हजार जणांवर नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या अशाच गोळ्यांची रीतसर चाचणी झाली. हृदयविकाराच्या धास्तीने डिसेंबर २००४ मध्ये ती थांबवली गेली, आणि स्मृतीला फायदा झाल्याचे काही दिसले नाही.

जनुकांनी पुढे याचा थोडा उलगडा केला. मायक्रोग्लिया या मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, म्हणजे तिथले सफाई कामगारच. त्यांच्यातल्या ट्रेम-२ जनुकातला एक दुर्मीळ बदल अल्झायमरचा धोका वाढवतो, हे २०१२च्या अखेरीस समोर आले. या बदलाने सफाई मंदावते. म्हणजे इथे प्रतिकारशक्ती अतिरेक करत नाही, कमी पडते. तिला सरसकट दाबून काय साधणार?

लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे की साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, खेड्यांत ८.४, शहरांत ५.३. जालन्यासारख्या ग्रामीण जिल्ह्याने हा आकडा मनावर घ्यायलाच हवा. पण गोळीच्या भरवशावर नको: रोजच्या वेदनाशामकांनी मूत्रपिंड बिघडू शकते, जठरात रक्तस्राव होऊ शकतो. रक्तदाब, साखर आणि कमी झालेले ऐकू येणे यांवर वेळेत इलाज केल्यास स्मृतिभ्रंशाचा धोका कमी होऊ शकतो.