गृहमंत्री देशाचे, पोलीस राज्याचे

कुठे दंगल उसळली की ‘केंद्रीय गृहमंत्री काय करताहेत?’ असा सवाल हमखास येतो. पण घटनेच्या सातव्या परिशिष्टात पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यांचे विषय आहेत. पुण्यातल्या साध्या हवालदाराची बदलीही दिल्लीहून होत नाही. दिल्लीचे पोलीस मात्र केंद्राच्या हाताखाली. शिवाय सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ ही दले, गुप्तवार्ता विभाग म्हणजे आयबी, आणि पुरात बोटी घेऊन उतरणारे एनडीआरएफचे जवान, हा सगळा पसारा गृहमंत्रालयाचाच.

अधिकार वाटलेले असले तरी जाब चुकत नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला आणि ३० तारखेला तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील यांनी राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात संसदेने कायदा करून राष्ट्रीय तपास संस्था म्हणजे एनआयए उभी केली. राज्याच्या संमतीवाचून दहशतवादाचा तपास हाती घेण्याची मुभा तिला आहे. राज्यांना ही मुभा आजही बोचते, आणि त्यात नवल नाही.

शिवराज पाटलांसारखेच महाराष्ट्राचे यशवंतराव आणि शंकरराव चव्हाणही गृहमंत्र्यांच्या खुर्चीवर बसले. २०१२ मध्ये आलेले सुशीलकुमार शिंदे तर राजकारणात येण्यापूर्वी महाराष्ट्र पोलिसांत फौजदार होते.