खेळाडू कोणाच्या मालकीचा?

आमचे मूळ घर कन्नौदचे. देवास जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांनी पाहिले असेल. माझे शिक्षण मामाकडे राहून मराठी शाळेत झाले, पण उन्हाळ्याची सुट्टी मात्र कन्नौदला, आजोबांच्या ओसरीवर. मागच्या सुट्टीत तिथेच एक वाद निघाला आणि तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मी सांगत होतो की अमेरिकेत बेन सिमन्स नावाच्या बास्केटबॉलपटूने "मी या संघाकडून खेळणार नाही" असे सांगून सरळ घरी बसणे पसंत केले. आजोबांनी चष्मा काढून ठेवला आणि विचारले, "करार केला होता की नव्हता? केला होता तर न खेळणारा हा कोण?"

प्रश्न साधा होता, पण बी. कॉम.ला व्यापारी कायदा शिकत असूनही मला धड उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

आधी सिमन्सची हकीकत सांगतो. फिलाडेल्फिया संघाशी त्याचा पाच वर्षांचा, सुमारे १७ कोटी ७० लाख डॉलरचा करार झालेला होता. जून २०२१ मध्ये अटलांटाकडून संघ हरला. निर्णायक सामन्यात बास्केटखाली मोकळी जागा असताना सिमन्सने स्वतः चेंडू न टाकता तो सहकाऱ्याकडे दिला. खापर त्याच्यावर फुटले, प्रशिक्षकही जाहीरपणे त्याच्या पाठीशी नीट उभे राहिले नाहीत. त्याने दुसरीकडे पाठवण्याची मागणी केली आणि सरावाला जाणे बंद केले. संघाने दंड लावले, पगार कापला. तो नंतर आला, पण मन लावून सराव करीना, तेव्हा प्रशिक्षकांनी त्याला सरावातून बाहेर काढले आणि एका सामन्यासाठी निलंबित केले. असे करीत अर्धा हंगाम निघून गेला. अखेर १० फेब्रुवारी २०२२ रोजी सिमन्स, आणखी दोन खेळाडू आणि भविष्यातले दोन पहिल्या फेरीचे निवडीचे हक्क ब्रुकलिनला गेले, आणि बदल्यात जेम्स हार्डन व पॉल मिलसॅप फिलाडेल्फियाला आले. कापलेल्या पगाराबद्दल सिमन्सने तक्रार दाखल केली होती, तीही पुढे तडजोडीने मिटली.

या सौद्यात एकामागे एक अशी इतकी नावे का, असा प्रश्न पडेल. तिथे प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चाला मर्यादा असते. ती ओलांडलेल्या संघाने खेळाडू घ्यायचा तर जाणाऱ्याचा आणि येणाऱ्याचा पगार साधारण जुळावा लागतो. म्हणून तराजूत छोटी वजने टाकतात तसे दोन-चार जण भरीला घालावे लागतात. आणि खरी गोष्ट पुढेच आहे. या अदलाबदलीत खेळाडूची संमती सहसा विचारली जात नाही. आज फिलाडेल्फियात घर घेतलेला माणूस उद्या सकाळी दुसऱ्या शहरात सरावाला हजर राहायला बांधलेला असतो. करार माणसाशी होतो, पण तो करार संघ दुसऱ्याला हस्तांतरित करू शकतो, जणू एखादी हुंडी. खेळाडूकडे उरते ते एकच हत्यार, रुसून बसणे. जानेवारी २०२५ मध्ये मायामीच्या जिमी बटलरने तेच उपसले. महिनाभरात त्याला तीनदा निलंबित केले गेले आणि फेब्रुवारीत त्याची रवानगी गोल्डन स्टेट संघात झाली. म्हणजे हत्यार चालते, पण धार दोन्ही बाजूंना असते.

आता आपल्याकडे येऊ. आय.पी.एल.मध्येही संघांना आपसात खेळाडूंचे सौदे करता येतात, पण एक मोठा फरक आहे : तिथे खेळाडूची संमती लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरात सोडून मुंबईत आला तो बदल्यात खेळाडू न देता, पैशाच्या व्यवहारात. त्यासाठी तिजोरीत जागा करायला मुंबईने कॅमेरन ग्रीनला बंगलोरकडे पाठवले. पुढच्याच महिन्यात रोहित शर्माचे कर्णधारपद गेले. पाच विजेतेपदे मिळवून देणारा कर्णधार बाजूला झालेला वानखेडेच्या प्रेक्षकांना रुचले नाही, आणि २०२४ च्या हंगामात घरच्याच मैदानावर हार्दिकची हुर्यो उडाली. संघ शेवटच्या क्रमांकावर राहिला. सौदा कागदावर चोख होता, पण प्रेक्षकांची संमती घेण्याचे कलम कोणत्याच करारात नसते.

रवींद्र जडेजाची गोष्ट तर पाठ्यपुस्तकात घालावी अशी आहे. राजस्थान संघात असताना त्याने दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केल्याचा ठपका आला आणि २०१० च्या संपूर्ण हंगामाची बंदी त्याच्यावर आली. पंधरा वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, तोच जडेजा रीतसर सौद्याने चेन्नईहून त्याच राजस्थानकडे परत गेला. सोबत सॅम करन होता आणि बदल्यात संजू सॅमसन चेन्नईला आला. जडेजाचा मोबदला १८ कोटींवरून १४ कोटींवर उतरला. एका वेळी जो गुन्हा होता तो दुसऱ्या वेळी व्यवहार ठरला. मधल्या काळात बदलले ते एवढेच, की बोलणी कोणी कोणाशी केली.

पण हे सारे मालकांचे संघ. रणजी करंडकातल्या राज्य संघाला मालक नसतो. तिथे खेळाडू विकला जात नाही आणि विकत घेतलाही जात नाही. तिथे चालते ते एक साधे पत्र : जुन्या संघटनेचे ना-हरकत पत्र. ते मिळाले की नव्या राज्यात नाव नोंदवता येते. जुन्या संघटनेला त्या बदल्यात एक पैसाही मिळत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जयस्वालने मुंबई क्रिकेट संघटनेकडे हे पत्र मागितले तेव्हा सगळीकडे खळबळ उडाली. उत्तर प्रदेशातून लहानपणी आलेला, आझाद मैदानावरच्या तंबूत राहून शिकलेला, मुंबईने घडवलेला मुलगा गोव्याकडून खेळणार! गोव्यात कर्णधारपदाची संधी मिळते आहे असे कारण त्याने दिले. संघातील वरिष्ठांशी बेबनाव झाल्याच्या बातम्याही छापून आल्या, पण त्यातले खरेखोटे ठरवणे आपले काम नव्हे. मुंबईच्या माणसाने गोव्याला जाणे नवे नव्हते. अर्जुन तेंडुलकर २०२२ मध्येच तिकडे गेला आणि पहिल्याच रणजी सामन्यात त्याने शतक काढले. पण अर्जुनला मुंबईच्या संघात जागा मिळत नव्हती, आणि जयस्वाल तर भारताचा सलामीचा फलंदाज. महिनाभरात त्याने मन बदलले, पत्र मागे घेण्याची विनंती केली आणि संघटनेने ती मान्य केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये जयपूरला राजस्थानविरुद्ध त्याने मुंबईसाठी शतक ठोकले.

त्याच वर्षी पृथ्वी शॉही मुंबईतून बाहेर पडला, पण त्याचे जाणे वेगळ्या जातीचे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याला रणजी संघातून वगळले होते, चर्चा होती ती त्याच्या तंदुरुस्तीची. म्हणजे इथे रुसलेला खेळाडू नव्हता, रुसलेला संघ होता. २०२५ मध्ये पृथ्वी महाराष्ट्राकडे आला आणि ऑक्टोबरात चंदीगडविरुद्ध त्याने द्विशतक केले.

आपल्या कन्नड विभागाच्या मित्रांना तिसरे उदाहरण जवळचे वाटेल. करुण नायरने डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईला इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा केल्या आणि सहा वर्षांनी कर्नाटकाच्या संघातही त्याला जागा उरली नाही. क्रिकेटने आपल्याला आणखी एक संधी द्यावी, अशी त्याची जाहीर विनवणी तेव्हा अनेकांनी वाचली. संधी दिली ती नागपूरने. २०२३ मध्ये तो विदर्भाकडे आला, २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध त्याने ८६ आणि १३५ धावा काढल्या, विदर्भाने करंडक जिंकला आणि त्याला पुन्हा भारताच्या संघाचे दार उघडले. नंतर तो कर्नाटकाकडे परतला. बंगलोरने नाकारलेले नागपूरने जपले आणि परत केले. कर्नाटकाने त्याचे व्याज विदर्भाला द्यायला हवे, असे आमच्या वर्गातला एक मित्र म्हणतो. हिशेबाच्या दृष्टीने त्याचे चुकते असे मला वाटत नाही.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे. करार केला असताना खेळणार नाही म्हणता येते का?

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचे २७ वे कलम म्हणते की कोणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक असतो. पण याचा अर्थ करार चालू असताना वाटेल तिकडे जावे असा नाही. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यातला एक कर्मचारी पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला, तेव्हा १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारखान्याची बाजू घेतली : मुदत चालू असेपर्यंतचे बंधन वाजवी असेल तर वैध. मुदत संपल्यावरचे काय, हे एका क्रिकेटपटूच्याच दाव्यात स्पष्ट झाले. श्रीरामपूरच्या झहीर खानचा जाहिरातींची कामे पाहणाऱ्या एका कंपनीशी करार होता. मुदत संपल्यावरही दुसऱ्याचा प्रस्ताव स्वीकारण्याआधी त्याने तो आपल्याला दाखवावा आणि आपल्याला बरोबरीची संधी द्यावी, असा कंपनीचा दावा होता. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. मुदत संपली, माणूस मोकळा.

राहिला मधला, अवघड भाग. मुदत चालू आहे आणि माणूस कामच करत नाही. अशा वेळी न्यायालय त्याला हाताला धरून मैदानावर उतरवत नाही. व्यक्तीच्या कौशल्यावर अवलंबून असलेले काम सक्तीने करवून घेता येत नाही, हे तत्त्व १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमातही आहे. फार तर दुसरीकडे खेळू नकोस म्हणता येईल, नुकसानभरपाई मागता येईल, पगार रोखता येईल. इंग्लंडमध्ये १८५२ साली योहाना वॅग्नर या गायिकेबाबत नेमके हेच झाले. ठरलेल्या नाट्यगृहात गा, असा हुकूम न्यायालयाने दिला नाही, इतरत्र गाऊ नकोस एवढाच दिला. सिमन्सचा सगळा तिढा या एका फटीत बसतो. त्याला खेळायला लावणे कोणालाच शक्य नव्हते आणि त्याला फुकट बसू देणे संघाला परवडत नव्हते.

हे मी आजोबांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "हे कागदाचं झालं. होळकरांच्या वेळी काय होतं?"

संस्थानी काळात कन्नौद होळकरांच्या राज्यात होते, त्यामुळे आमच्याकडे होळकर संघ म्हणजे घरचा संघ. आजोबांच्या वडिलांनी त्या संघाच्या गोष्टी त्यांना सांगितल्या होत्या आणि त्या तशाच माझ्यापर्यंत आल्या. पण घरच्या त्या संघात घरचे किती होते? नागपूरचे सी. के. नायडू १९२३ मध्ये महाराजांच्या बोलावण्यावरून इंदूरला आले, त्यांना होळकरांच्या फौजेत हुद्दा मिळाला. सागरचे चंदू सरवटे आले. युद्धकाळात महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनसुद्धा होळकरांकडून खेळला आणि १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा करून गेला. तरीही होळकर हरलेच. १९४१ ते १९५५ या काळात होळकर संघाने दहा अंतिम सामने गाठले आणि चार वेळा करंडक जिंकला. तिथे करार नव्हता, नोकरी होती, मान होता आणि राजाची मर्जी होती. मर्जी गेली तर काय, हे विचारायची सोय नव्हती.

आणि कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर! डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम मोडायला अवघ्या दहा धावा हव्या असताना समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला. हेच भाऊसाहेब बडोदा, होळकर, राजस्थान, रेल्वे अशा संघांकडूनही खेळले. त्यांना कोणी भाडोत्री म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. कसोटीत मात्र त्यांना एकदाही घेतले नाही.

आता माझे सांगतो, कारण त्याखेरीज हा लेख अर्धवट राहील. बारावीत असताना मी मामाच्या गावातल्या एका मंडळाकडून बास्केटबॉल खेळत होतो. दुसऱ्या मंडळाने मला पहिल्या पाचात जागा देऊ केली. आमच्या मंडळाने सोडपत्र दिले नाही. मीही हट्टाला पेटलो, सरावाला जाणे बंद केले आणि पूर्ण हंगाम घरी बसलो. मंडळाचे नाव इथे देत नाही. तेव्हा मला वाटे की माझ्यावर अन्याय झाला. मागच्या वर्षी हिशेबशास्त्राचा अभ्यास करताना गंमत म्हणून मी त्या मंडळाच्या बाजूने खतावणी मांडून पाहिली : तीन वर्षांचे बूट, एस.टी.चे भाडे, सामन्यांच्या दिवशीचे जेवण, आणि एका दादांनी रोज संध्याकाळी फुकट दिलेले दोन तास. शेवटची नोंद कोणत्या खात्यात आणि किती रुपयांना टाकायची हे मला ठरवता आले नाही. आमच्या प्राध्यापकांना विचारले तर ते हसले आणि म्हणाले, पैशात न मोजता येणारी गोष्ट हिशेबाच्या वहीत येत नाही.

आजोबांना मी हे सांगितले. त्यांनी माझी बाजू घेतली नाही आणि मंडळाचीही नाही. "त्या दादांना कधी भेटलास का रे नंतर?" एवढेच विचारले. भेटलो नव्हतो. या दिवाळीत मामाकडे जाणार आहे.