टॅपेटची टिकटिक आणि इंजिन ऑइलचा दाटपणा



सकाळी गाडी सुरू केली की इंजिनच्या वरच्या भागातून "टिक टिक टिक" आवाज येतो. गॅरेजमध्ये नेली की बरेचदा एकच उत्तर मिळतं : "जाड ऑइल टाकू, आवाज जाईल." कधी खरंच जातो. पण कधी आवाज जातो आणि बिघाड आतच राहतो, मग काही महिन्यांनी मोठा खर्च समोर येतो. म्हणून यामागचं विज्ञान आधी समजून घेऊ. वर्गात शिकवायलाही हा विषय छान आहे.

आवाज कुठून येतो?

इंजिनमध्ये हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात, म्हणजे व्हॉल्व्ह. कॅम नावाचा उंचवटा फिरतो आणि टॅपेटमार्फत झडप उघडतो. चार-स्ट्रोक इंजिनच्या दर दोन फेऱ्यांना प्रत्येक झडप एकदा उघडते. म्हणजे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते-मिटते!

उष्णतेने धातू प्रसरण पावतात हे आपण मुलांना शिकवतोच. १० सेंटिमीटर लांबीची पोलादी दांडी १०० अंशांनी तापली तर साधारण ०.१२ मिलिमीटर वाढते. ही वाढ सामावण्यासाठी साध्या टॅपेटमध्ये बारीकशी फट ठेवावी लागते. फट जास्त झाली की भाग एकमेकांवर आपटतात आणि टिकटिक सुरू होते.

हायड्रॉलिक टॅपेटमध्ये ही फट तेल भरून काढतं. आत छोटा दट्ट्या, स्प्रिंग आणि एकमार्गी झडप असते. दाबाखालचं तेल आत शिरतं, झडप मिटते आणि तेल आत अडकतं. द्रव सहज दबत नाही, त्यामुळे ते तेल घन ठोकळ्यासारखं काम करतं. तेल कमी पडलं किंवा त्यात हवेचे बुडबुडे आले की हा ठोकळा मऊ पडतो, कारण हवा दबते. मग आवाज येतो.

डब्यावरचे आकडे काय सांगतात?

५डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० असे आकडे आपण वाचतो. "डब्ल्यू" म्हणजे वजन नव्हे, तर हिवाळा (विंटर). पहिला आकडा थंड तेल किती सहज वाहतं ते सांगतो. तो जितका लहान, तितकं थंडीत वाहणं सोपं. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन तापल्यावर, तेल किती दाट राहतं ते सांगतो. या तापमानाला '३०' तेलाची श्यानता ९.३ ते १२.५ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद असते, '४०' ची १२.५ ते १६.३ आणि '५०' ची १६.३ ते २१.९.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. "जाड" तेलसुद्धा तापल्यावर बरंच पातळ होतं, आणि "पातळ" तेलसुद्धा सकाळी गार असताना दाटच असतं. त्यामुळे नुसतं जाड की पातळ, असं विचारून भागत नाही. आवाज कधी येतो, हे आधी पाहायला हवं.

आवाजाची वेळ पाहा

१. *फक्त सकाळी, काही सेकंद :* रात्रभरात टॅपेटमधलं तेल थोडं झिरपून जातं. इंजिन सुरू झाल्यावर ते पुन्हा भरेपर्यंत टिकटिक होते. इथे जास्त जाड तेल टाकलं तर भरायला उलट वेळ लागतो! मॅन्युअलमध्ये चालत असेल तर पहिला आकडा लहान असलेलं तेल घ्या. ऑइल फिल्टरही चांगला हवा, कारण काही फिल्टरमध्ये तेल परत उतरू नये म्हणून रबरी पडदा असतो. तो कडक झाला की रात्रीत फिल्टर रिकामा होतो.

२. *इंजिन तापल्यावर, गाडी उभी असताना :* तेल पातळ होऊन दाब कमी पडत असावा. तेल जुनं असेल किंवा त्यात पेट्रोल मिसळलं असेल तर आधी ते बदला. तरीही आवाज राहिला, तर मॅन्युअलने परवानगी दिलेल्या मर्यादेत दुसरा आकडा एक पायरी वाढवून बघता येतो, उदाहरणार्थ ३० ऐवजी ४०.

३. *गार-गरम, कायम :* आत चिकटा साचून दट्ट्या अडकला असेल किंवा कॅम झिजला असेल. तेलाचा दाटपणा बदलून झिजलेला धातू भरून येत नाही. इंजिन उघडून तपासावंच लागतं.

तेल बदलण्याआधी

डिपस्टिक काढून पातळी बघा. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो. खूप जास्त असेल तर क्रँकशाफ्ट ते घुसळतो आणि फेस होतो. दोन्हीत टॅपेटमध्ये हवा शिरते.

मग आपल्या गाडीत टॅपेट कोणतं, ते विचारा. बऱ्याच मोटारसायकलींत स्क्रूने जुळवायचं साधं टॅपेट असतं. तिथे फीलर गेज लावून फट जुळवणं हाच खरा उपाय. रॉयल एन्फील्डच्या जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये फट हाताने जुळवावी लागे, तर नंतरच्या यूसीई इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आले. शिवाय बहुतेक मोटारसायकलींत क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, म्हणून कारचं तेल त्यात ओतू नका. "जासो एमए" लिहिलेलं तेल बघून घ्या.

आवाज गेला, म्हणजे दुखणं गेलं का?

तापाची गोळी घेतली की ताप उतरतो, आजार असतोच. इथेही तसंच. फार जाड तेलाने मायलेज घटतं, गार इंजिनच्या वरच्या भागात तेल उशिरा पोहोचतं आणि झीज वाढते. जुनी गाडी विकताना आवाज लपवायला जाड तेल टाकणारेही असतात. म्हणून जुनी गाडी घेताना ती पूर्ण गार असताना सुरू करायला लावा, आणि नंतर चांगली तापवूनही ऐका. चालत्या गाडीत तेलाचा लाल दिवा लागला, तर मात्र बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा.

वर्गासाठी कृती

दोन सारख्या पारदर्शक बाटल्यांत एरंडेल तेल भरा. एक बाटली शिक्षकांनी गरम पाण्यात ठेवावी. दोन्हींत ज्वारीच्या दाण्याएवढा काचेचा मणी सोडा आणि तळाशी पोहोचायला किती सेकंद लागतात ते मुलांना मोजू द्या. मग विचारा : "सकाळी गार इंजिनला कोणतं तेल लवकर पोहोचेल?" उत्तर मुलंच देतील, आणि घरी जाऊन बाबांना किंवा आईला डिपस्टिक बघायलाही लावतील.